मुलाखतीत न आलेली पहाट

संजूदादा जेवायला बसला की आधी ताट वाजवायचा. भाकर येईपर्यंत त्याला दम नसायचा. दोन्ही हातांची बोटं ताटाच्या कडेवर अशी काही पळायची, की बाहेर ओट्यावर वांगी निवडत बसलेले बाबासुद्धा नकळत मान हलवायचे. माय चुलीपुढून ओरडायची, ‘ताट फुटलं त हातावर खाशीन!’ आमचं घर कामरगावच्या कडेला, मळ्यातच होतं. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला काढायचा, रात्री ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायचा आणि सकाळच्या जीपनं बाजाराला न्यायचा. विहिरीवरच्या मोटारीची घरघर, हौदात मुळे धुतल्याचा खळखळाट, रस्त्यावर जीपवाल्याचा हॉर्न आणि या सगळ्यात दादाचं वाजवणं, असं ते घर होतं. तेलाचे रिकामे डबे, रंगाचे डबे, फुटकी घागर, त्याला काहीही चालायचं. गावच्या गणपतीत तो ढोल वाजवायला लागला आणि वाशीमला कॉलेजात गेल्यावर त्याला प्रफुल्ल भेटला.

प्रफुल्लचे वडील कुठल्याशा कचेरीत नोकरीला होते. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण बापाचा हात फार सुटायचा, असं दादा सांगायचा. प्रफुल्लकडे गिटार होती आणि आवाज असा, की ऐकताना अंगावर काटा यावा. दोघांनी आणखी दोन पोरं जमवून बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘वखर’. वऱ्हाडी बोलीत, भसाड्या गिटारीवर, उन्हाची, धुळीची, न लागलेल्या नोकऱ्यांची गाणी. प्रफुल्ल सुट्टीत आमच्याकडे येऊन राहायचा. मायच्या हातचं वांग्याचं भरीत, वरून कच्चं तेल, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि जवसाची चटणी असं पोटभर जेवून तो ओट्यावर आडवा व्हायचा. ‘काकू, असं भरीत वाशीमात पैसे देऊन भेटत नाई,’ म्हणायचा. माझ्या डोक्यावरची घागर ओढून घ्यायचा. मला तो आवडायचा, आम्हा सगळ्यांनाच आवडायचा. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर त्याच्याविषयी जे काही वाटलं त्यानं आधीचं खोटं ठरत नाही.

मग ती पहाट आली. बँडचा कार्यक्रम आटोपून प्रफुल्लनं नव्यानंच घेतलेली जुनी गाडी परत येत होती. आसेगावजवळ रस्त्याच्या कडेनं एक शेतकरी बॅटरी घेऊन चालला होता. आमच्याकडे शेतातली वीज कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून माणसं नको त्या वेळी मोटार चालू करायला निघतात. श्रावण त्याचं नाव. गाडीनं त्याला उडवलं. पोलीस आले तेव्हा दादा स्टिअरिंगवर बसलेला होता, तोंडाला दारूचा वास होता आणि गाडीत दुसरं कोणी नव्हतं. ‘प्रफुल्ल आधीच दुसऱ्या गाडीनं गेला होता, मीच चालवत होतो,’ असं त्यानं पोलिसांना सांगितलं, आम्हालाही तेच सांगितलं. काही महिने तो आत राहिला. जामिनावर घरी आला त्या दिवशी मायनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. त्यानं हात धुतले आणि खाली मान घालून मुकाट्यानं जेवला. पुढं आमच्या घरात कोणी कधी गाणं लावलं नाही. दादा भाजी तोडायचा, टोपल्या भरायचा आणि वाशीमच्या कोर्टात तारखेला जायचा.

बाबा मात्र दर आठवड्याला आसेगावला जायला लागले. श्रावणची बायको कांताबाई आणि दोन लेकरं तिथं होती. बाबा उत्तमातली भाजी वेगळी काढायचे, कारंजा, मंगरूळपीर अशा गाड्या बदलत जायचे आणि टोपली त्यांच्या ओट्यावर ठेवून यायचे. पहिल्या खेपेला कांताबाईनं टोपली उचलून रस्त्यावर भिरकावली. बाबांनी वांगी गोळा केली, परत भरली, तिथंच ठेवली आणि आले. पुढच्या खेपांना तिनं टोपली फेकली नाही, पण उचललीही नाही. नंतर नंतर ती न बोलता आत न्यायची. मायनं एकदा विचारलं, ‘तुमी काहून जाता? गुन्हा त पोराचा हाये.’ बाबा म्हणाले, ‘पोरगा मी वाढवला.’ एवढंच. त्यांच्या डोक्यावरची टोपी त्या काळात नेहमी थोडी पुढं ओढलेली असायची, समोरच्याला डोळे दिसू नयेत अशी.

इकडे प्रफुल्ल पुण्याला गेला आणि मोठा झाला. ‘वखर’ नाव तेच राहिलं, माणसं बदलली. मी तेव्हा कारंजाला कॉलेजात जायचे. बसमध्ये निम्मी पोरं त्याची गाणी ऐकत असायची. माझी मैत्रीण अश्विनी त्याच्यापायी वेडी होती. त्याच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिनं मलाही त्यात घेतलं. मी कोणाची बहीण, हे तिच्याशिवाय तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याची मुलाखत मोबाइलवर आली, ती आम्ही दोघींनी कॉलेजच्या मागच्या कट्ट्यावर बसून पाहिली. प्रफुल्ल खूप बारीक झाला होता. दारू सोडल्याचं सांगत होता. बापाच्या माराविषयी बोलला, मनाच्या डॉक्टरांकडे जातो म्हणाला. आणि मग एकदम थांबून म्हणाला, ‘एक माणूस माझ्या गाडीखाली गेला. गाडी मी चालवत होतो. माझ्या मित्रानं ते स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. मी भेकड होतो.’ तो रडला. मुलाखत घेणाऱ्या बाईंचेही डोळे भरले. ‘तो माणूस जागच्या जागी गेला,’ प्रफुल्ल म्हणाला, ‘आमच्या हातात काही नव्हतं. पण पुढचं सगळं माझ्या हातात होतं.’ बाईंनी त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. अश्विनीनं माझा हात घट्ट धरला होता.

ग्रुपवर त्या दिवशी नुसता पाऊस पडत होता. ‘सलाम दादा’, ‘असा माणूस होणे नाही’, लाल बदाम, जोडलेले हात. मध्येच कोणी लिहायचं, ‘पण मेला त्याच्या घरच्यांचं काय?’ की लगेच दहा जण अंगावर जायचे: ‘त्यानं मान्य केलं ना? अजून काय जीव घेता त्याचा?’ मी वाचत राहिले. त्या सगळ्या ओळींत मेलेल्याचं नाव कुठंच नव्हतं.

बाबांना हे बाजारात कळलं. शेजारच्या दुकानवाल्यानं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. निम्मी भाजी तशीच घेऊन ते घरी आले आणि थेट दादासमोर उभे राहिले.

‘खरं हाये?’

दादा मेथीच्या जुड्या बांधत होता. ‘हो.’

‘मंग काहून घेतलं अंगावर?’

‘तवा वाटलं, त्याचं गानं लय मोठं हाये. आपलं काय, आपन डबे वाजवनारे.’

‘अन मले? मले त्या बाईच्या दारात कायले उभं केलं इतकी वर्सं?’

बाबा आणखी पुढं सरकले. पण माय मध्ये आली, तिनं दादाचं डोकं पोटाशी धरलं आणि हंबरडा फोडला. ते रडणं दुःखाचं नव्हतं. माझ्या लेकानं माणूस मारला नाही, हे तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पुरण घातलं. शेजारणी येऊन बसल्या. बाबांची टोपी कपाळावरून मागं सरकली. त्या आठवड्यात आमच्या घरात जवळजवळ सण होता. एकटा दादा तेवढा जेवत नव्हता. पुरणपोळी मोडून तशीच ठेवायचा. आम्हाला वाटलं, इतक्या वर्षांचा ताण आहे, निघेल हळूहळू.

रविवारी अश्विनी आली. तिच्यासोबत मोटारसायकलवर वाशीमची दोन पोरं होती. अक्षय नावाचा एक, त्याच्या दंडावर ‘वखर’ गोंदलेलं. दुसरा त्याचा मित्र, सारखा मोबाइल समोर धरून. अक्षयनं दादाच्या पायाला हात लावला. दादानं पाय मागं घेतले.

‘दादा, तुमी अन प्रफुल्लदादा, दोस्ती असावी त अशी,’ अक्षय म्हणाला. ‘फक्त एक बोला, का तुमच्या मनात काई नाई. आमी टाकतो ग्रुपवर. लोक लय काईबाई बोलून राह्यले त्याले.’

बाबा खाटेवर बसले होते. मायनं चहा ठेवला होता. अश्विनी म्हणाली, ‘याच्यासाठी आला का तू? मले त म्हने फक्त भेटाचं हाये.’

‘काय चुकलं माह्यं? एवढ्या लोकाईपुढं कबूल कराले छाती लागते. कोन करते आजकाल?’

‘केलं कबूल, पन कवा? नाव झालं, मंग. हा मानूस कोर्टाच्या पायऱ्या चढून राह्यला होता, तवा कुटं होता तो?’

‘तवा तो दारूत होता. बीमारीच असते ते. अन बाप कसा होता त्याचा, आयकलं न तू?’

‘बाप मारत जाये म्हनून काय गाडी बापानं चालवली?’

अक्षय चिडला. ‘तुले त्याचं गानं आवडते का नाई, ते सांग.’

‘आवडते. म्हनूनच त जीव जळून राह्यला माह्या.’

आज इतक्या वर्षांनी मला त्या दोघांचंही खरं वाटतं. दोघंही मनापासून बोलत होते. फक्त ते आमच्या अंगणात बोलत होते, आणि आम्ही तिथं असल्याचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मोबाइलवाला पोरगा दोघांना शांत करायला म्हणाला, ‘जाऊ द्या न. तसंही तो मानूस जागच्या जागीच गेला. लवकर सांगतलं असतं तरी वापस थोडीच येत होता?’

दादा टोपली भरत होता. त्याचे हात थांबले.

‘जागच्या जागी नाई गेला तो,’ तो म्हणाला.

चहा गाळता गाळता मायनं वर पाहिलं.

‘जित्ता होता. नालीत पडला होता, बोलत होता. प्रफुल्ल रस्त्यात बसून रडत होता, ओकत होता. तितक्यात एक जीप आली. मी प्रफुल्लले उचलून तिच्यात टाकलं. बीमार हाये म्हनून सांगतलं, घरी सोडा म्हटलं. नालीतल्या मानसाचं नावच नाई काढलं जीपवाल्यापाशी. काढलं असतं, त त्यानं प्रफुल्लले बी नीट पाह्यलं असतं, गाडी बी पाह्यली असती, समदं समजलं असतं. म्हटलं, मागून दुसरी येईन. जीप गेली. मंग कोनीच नाई आलं. फटफटलं तवा तो गेला.’ दादा बाबांकडे पाहत होता. ‘गाडी मी नाई चालवली, बाबा. पन जीप मी जाऊ देली.’

मोबाइलवाल्या पोरानं मोबाइल खाली केला. अक्षय उठून उभा राहिला, पुटपुटला, ‘हे नाई टाकत आमी, दादा.’ कोणी त्यांना बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मोटारसायकल रस्त्याला लागली. चहा तसाच राहिला. मग बाबा उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, ‘चाल. आसेगावले जा लागते.’

मीही गेले. मला कोणी नको म्हटलं नाही. बसमध्ये बाप-लेक शेजारी बसले होते, पण दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस बसला असता, एवढी जागा होती.

कांताबाई अंगणात सुपानं तूर पाखडत होती. रिकाम्या हातानं आलेल्या बाबांना पाहून तिला नवल वाटलं असावं. तोवर मुलाखत तिच्याही कानावर गेली होती. ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलली, ‘समजलं मले, भाऊ. तुमच्या पोरानं नाई मारलं. तुमी फुकट झिजले इतके दिवस.’

‘बाई, याले काई सांगाचं हाये,’ बाबा म्हणाले आणि बाजूला झाले.

दादानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आमच्या अंगणात सांगितलं तसंच, एकही शब्द मऊ न करता. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. तिनं विचारलं, ‘काय बोलला तो?’

दादा म्हणाला, ‘“लाइट जाईन” म्हने. “मोटर चालू करा लागते.” तेच तेच म्हने.’

‘हरभरा होता,’ ती म्हणाली. ‘सुकून राह्यला होता.’

तिनं ओरडावं, सूप फेकून मारावं, असं मला वाटत होतं. ती हळू आवाजात बोलत राहिली. ‘डाक्टर म्हने, त्याले काई समजलं नसन. एका झटक्यात गेला असन. लेकराईले बी मी तेच सांगतलं. माह्यापाशी तेवढंच होतं पाहा. ते बी नेलं तुमी आज.’ मग बाबांकडे वळून म्हणाली, ‘भाऊ, आता येत नका जाऊ.’

बाबांनी हात जोडले. परतीच्या वाटेवर त्यांनी टोपी पुन्हा पुढं ओढून घेतली. त्यानंतर ते आसेगावला कधी गेले नाहीत.

पुढच्या तारखेआधी वकिलांनी दादाला समोर बसवून समजावलं, ‘गाडी मी चालवत नव्हतो, एवढंच सांग. प्रफुल्ल कोर्टात येऊन बोलला तर तू सुटतोस. जीपचं कोणी विचारणार नाही. ते तू काढूच नको.’ दादा म्हणाला, ‘अर्धं त त्यानं बी सांगतलं, साहेब. मी बी अर्धंच सांगू?’ बाबा खालीच पाहत होते. मायनं वकिलांच्या देखत दादाच्या पाठीत एक बुक्की मारली आणि मग तोच हात तिथं ठेवून रडत राहिली. तिला लेक घरी हवा होता. तिला कोण दोष देईल? मी तर अजूनही देत नाही.

प्रफुल्लला निरोप गेले. अश्विनीनं ग्रुपवर लिहिलं, ‘लाखो लोकांपुढं बोललास, आता एका न्यायाधीशापुढं बोल.’ तिला ग्रुपमधून काढून टाकलं. तारखेच्या दिवशी कोर्टाबाहेर पाच-पन्नास पोरं जमली होती. कोणीतरी उठवलं होतं, की प्रफुल्लदादा येणार. लिंबाच्या सावलीत त्यांची तीच भांडणं चालली होती, कबूल केलं ना, मग आणखी काय, आणि कोर्टात नाही तर कशाचं कबूल. दुपारपर्यंत प्रफुल्ल आला नाही. त्याच्या वकिलाचं म्हणणं तेवढं पसरलं, की ते बोलणं भावनेच्या भरातलं होतं, त्याचा कायदेशीर अर्थ काढू नये. पोरं हळूहळू पांगली. आत दादा बोलला. गाडीचं बोलला, जीपचंही बोलला. भिंतीजवळच्या बाकावर कांताबाई बसली होती. दादा बोलत होता तोवर ती खिडकीबाहेर पाहत होती.

गाडीचं त्याचं म्हणणं टिकलं नाही. पहिला जबाब त्याचा होता, स्टिअरिंगवर तो सापडला होता, आणि ज्यानं खरं काय ते सांगायचं तो आला नव्हता. जीपचं मात्र सगळ्यांना पटलं. दादाला शिक्षा झाली. ग्रुपवर मग नवीन सूर लागला, ‘म्हणजे खरा गुन्हेगार हाच! प्रफुल्लदादा बिचारा उगाच मनाला लावून घेत होता.’ त्या दिवशी मी ग्रुप सोडला. प्रफुल्लची चौकशी चालू आहे, असं काही दिवस ऐकू यायचं, मग तेही ऐकू येईनासं झालं. ती मुलाखत अजून मोबाइलवर आहे. तिच्याखाली लोक अजून लिहितात, की हे पाहून जगायचं बळ मिळालं. मिळालंही असेल.

दादा आत होता तेव्हाची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस होते. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, मी तिच्या बाजूला. फोन वाजला. अनोळखी नंबर होता. मी उचलला. ‘काकू हायेत का?’ आवाज मी तत्काळ ओळखला आणि फोन मायच्या हातात दिला. फोनवर तो रडत होता, ते मला बाजूला ऐकू येत होतं. ‘काकू, मले माफ करा. मले झोप येत नाई. तुमी एक खेप म्हना, का माफ केलं.’

मायनं त्याला पुरतं बोलू दिलं. मध्ये एकदा तिनं डोळ्यांना पदर लावला, कारण तो तिचाही कोणीतरी होता. मग म्हणाली, ‘बाप्पा, मले कायले इचारतं? माह्या पोराचं मी पाहून घेईन. आसेगावात कांताबाई म्हनून हाये. कोनालेही इचार, घर दाखवतेत. तिच्याकडं जाय.’

पलीकडून फोन कट झाला. माय पुन्हा शेंगा सोलायला लागली.

दादा सुटून आला, त्यालाही आता खूप वर्षं झाली. तो मळाच पाहतो. बाबा गेले. कांताबाईच्या लेकीनं मी शिकवते त्याच शाळेत नोकरी धरली, म्हणून मधूनमधून तिच्या मायची खबर मिळते. मागच्या महिन्यात मी हिय्या करून तिला विचारलं, तुमच्याकडे कधी कोणी पुण्याहून आलं होतं का. ती म्हणाली, ‘नाई, मॅडम. कोन येनार होतं?’